आठवा तलाव

जुलै महिना उजाडला की मुंबईकराच्या वर्तमानपत्रात एक चौकट येऊ लागते. अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी, अशी सात नावे, आणि प्रत्येकासमोर आकडे. शेअरबाजाराचे भाव न वाचणारी माणसेसुद्धा ही चौकट वाचतात. आमच्या घरी तर चहाचा कप हातात असताना ती मोठ्याने वाचून दाखवण्याची पद्धत आहे. विहार भरला म्हणताच आमच्या आईच्या चेहऱ्यावर लेकीची सुखरूप सुटका झाल्यासारखे समाधान दिसते. विहार तिने उभ्या जन्मात पाहिलेला नाही, हा भाग वेगळा.

पण या चौकटीत एक नाव कधीच नसते. मुंबईच्या हद्दीत तीन तलाव आहेत, दोन नव्हेत. विहार, तुळशी आणि पवई. तिन्ही माणसाने बांधलेले, तिन्ही एकाच डोंगररांगेच्या कुशीत, तिघांवर पडणारा पाऊसही जवळजवळ सारखाच. पवई भरला की वर्तमानपत्रात त्याची बातमी येते खरी, पण तिच्या शेवटी एक वाक्य ठरलेले असते: या तलावाचे पाणी पिण्यायोग्य नाही. उद्योगधंद्यांना आणि आरे वसाहतीत पिण्याखेरीज इतर कामांना ते वापरतात. एका घरातल्या तीन भावंडांपैकी दोघांनी अन्नदान करावे आणि तिसऱ्याने भांडी घासावीत, तसे हे आहे. हे असे का झाले असावे, हे पाहण्यासाठी गेल्या दीड वर्षात मी या तिन्ही तलावांच्या आसपास बराच हिंडलो. विषय माझा नव्हे. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. पण ज्याचे पाणी पितो त्याची वास्तपुस्त करायला पदवी लागत नाही.

थोडा इतिहास सांगितलाच पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई विहिरींवर आणि गावतळ्यांवर जगत होती. वस्ती वाढली, पाऊस दगा देऊ लागला आणि विहिरींचे तळ दिसू लागले. तेव्हा हेन्री कॉनीबेअर नावाच्या इंजिनियराने साष्टीच्या डोंगरांत, मिठी नदीच्या उगमाशी बांध घालण्याची योजना मांडली. १८५६ मध्ये काम सुरू झाले आणि १८६० मध्ये विहारचे पाणी नळातून मुंबईत आले. १८६३ साली ‘मुंबईचे वर्णन’ लिहिणाऱ्या गोविंद नारायण माडगांवकरांच्या पिढीला दारात येणारे हे पाणी केवढे नवल वाटले असेल! पण ते नवल फार दिवस पुरले नाही. पाणी अपुरे पडू लागले म्हणून विहारच्या वरच्या अंगाला तुळशी बांधला. तो १८७९ मध्ये पुरा झाला. तरीही तहान भागेना, तेव्हा घाईघाईने १८९० मध्ये पवई. दोन वर्षांत तानसाचे पाणी आले आणि पवईची गरजच संपली. गरज संपली म्हणून तो सोडला असे म्हणावे, तर तेही पुरते खरे नाही. पवईच्या पाण्याचा दर्जा तेव्हाही बरा नव्हता, असे जुन्या नोंदी सांगतात.

ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पवईची कथा सांगताना सगळा दोष अलीकडच्या उंच इमारतींवर लोटून मोकळे होण्याची आपल्याला सवय आहे. १८९० मध्ये तिथे इमारती कुठे होत्या? होती ती शेती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पवईचा परिसर फ्रामजी कावसजी या पारशी गृहस्थांकडे होता, आणि त्यांनी तिथे शेतीचे अनेक प्रयोग केले होते. म्हणजे विहार आणि तुळशी डोंगराच्या आत, रानात बांधले गेले; पवई मात्र डोंगराच्या पायथ्याशी, नांगरलेल्या जमिनीच्या शेजारी. सुरुवातीपासूनच त्याची पत्रिका निराळी होती.

आता जरा आकडे. वाचकांनी कंटाळू नये, फार नाहीत. महापालिकेच्या माहितीप्रमाणे तुळशीचे पाणलोट क्षेत्र, म्हणजे ज्या जमिनीवर पडलेला पाऊस वाहत वाहत त्या तलावात येतो ती सगळी जमीन, ६.७६ चौरस किलोमीटर आहे. पवईचे आहे ६.६१. पाहिलेत? जवळजवळ जुळ्यांचे वजन. विहारचे बरेच मोठे, १८.९६. पण पुढे फरक पडतो. तुळशी भरला की त्यात सुमारे ८०४ कोटी लिटर पाणी मावते आणि ते १.३५ चौरस किलोमीटरांवर पसरते. पवईत मावते ५४५ कोटी लिटर, आणि पसरते मात्र २.२३ चौरस किलोमीटरांवर. माझ्या मुलाने कागदावर भागाकार करून दाखवला: तुळशीची सरासरी खोली सहा मीटरांच्या आसपास येते, पवईची जेमतेम अडीच. एक हंडा आहे आणि दुसरी परात. परातीतले पाणी लवकर तापते, उन्हाचा किरण तळापर्यंत पोचतो, वारा सुटला की तळचा गाळ वर येतो. म्हणजे पवईची प्रकृती मुळातच नाजूक. अशा माणसाला जपायला हवे होते. आपण त्याच्या उशाशी खाणी सुरू केल्या.

‘पाणलोट’ हा शब्द मला फार आवडतो. पाणी जिथून लोटते तो पाणलोट. आपण तलाव म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे पाणी येते, फार तर काठ येतो. पण खरा तलाव त्या काठापाशी संपत नाही, तो वरच्या डोंगराच्या धारेवर संपतो. साष्टीच्या या डोंगरांवर वर्षाला साधारण अडीच मीटर पाऊस पडतो. पवईच्या पाणलोटावर पडणाऱ्या या पावसाचा गुणाकार केला तर तलावात मावेल त्याच्या तिप्पट पाणी होते. म्हणजे ही साडेसहा चौरस किलोमीटर जमीन दरवर्षी तीन-तीनदा धुतली जाते आणि ते धुणे तलावात येते. जमिनीवर पाचोळा असेल तर पाचोळ्यातून गाळलेले पाणी येईल. जमिनीवर खडी, सिमेंट, पेट्रोलचे ओघळ, उकिरडा आणि गटारे असतील तर तेही येईल.

पवईला मी जातो तो बहुधा माझ्या मेहुणीकडे. तिचे घर अठराव्या मजल्यावर आहे. ‘तलावदर्शनी’ म्हणून त्या घराची किंमत जास्त होती, आणि त्या ‘दर्शनी’ शब्दापायी माझ्या साडूने वीस वर्षांचे कर्ज काढले. गच्चीत उभे राहिले की खरोखर सुरेख दिसते. पलीकडे विद्यापीठासारखा पसरलेला आय. आय. टी.चा हिरवा परिसर. ती संस्था १९५८ साली निघाली आणि या काठावर आली. तिच्या आवारातच तलावाकाठी पद्मावतीदेवीचे जुने देऊळ आहे. पवई हे नाव या पद्मावतीवरूनच आले, असे लोक सांगतात. लोकांनी सांगितलेल्या व्युत्पत्ती आम्ही मराठीचे लोक सहसा हसण्यावारी नेतो; पण पद्मावतीचे प्राकृतात ‘पउमावई’ होते, आणि तिथून पवई काही फार दूर नाही. तेव्हा यावेळी मी हसलो नाही.

“भाऊजी, फोटो काढायचा तर वरूनच काढा,” मेहुणी म्हणाली. “खाली जाऊ नका. खाली वास येतो.”

मी अर्थातच खाली गेलो. दूरवरून जी हिरवळ वाटत होती ती जलपर्णी होती. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेची. तिची जांभळी फुले पाहून कोणालाही ती आणावीशी वाटली असती, आणि जगभर लोकांनी ती आणलीही. मनासारखे खाद्य मिळाले तर दोनेक आठवड्यांत ती आपले क्षेत्र दुप्पट करते. यंत्राने ती ओढून काढायची, ढीग घालायचे, आणि पुढच्या हंगामात पुन्हा तेच, असा क्रम पवईला वर्षानुवर्षे चालला आहे. काठावर गळ टाकून एक वृद्ध गृहस्थ बसले होते. या तलावावर गळाने मासे धरणाऱ्यांचा संघ १९३०च्या दशकापासून आहे, आणि तलावाची काळजी वाहणाऱ्यांत हे लोक पूर्वीपासून पुढे आहेत, हे त्यांच्या श्रेयासाठी नोंदले पाहिजे.

“काय लागतं का, काका?” मी विचारले.

“लागतं की. पण आता कुठला मासा लागतो यावरून पाण्याचं कळतं,” ते म्हणाले. “चिखलात तग धरणारे उरलेत. तिलापिया, मांगूर. चोखंदळ होते ते गेले.”

त्यांनी हाताने समोरच्या डोंगराकडे दाखवले. लहानपणी त्या डोंगरावर सुरुंगाचे आवाज ऐकल्याचे त्यांनी सांगितले. पवई आणि चांदिवलीच्या बाजूला कित्येक वर्षे दगडखाणी होत्या. मुंबईच्या इमारतींना खडी इथूनही गेली. डोंगराची साल काढली की पावसाने त्याची माती खाली येणारच, आणि खाली तलावच होता. खाणी थांबल्या तर वस्त्या आल्या. काही झोपड्यांच्या, काही संगमरवरी जिन्यांच्या. एका बाबतीत मात्र दोघींत फरक नाही: मोरीचे पाणी उताराने जाते.

मोरीचे पाणी तलावात गेले की काय होते, हे मला माझ्याच महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकबाईंनी समजावले. माणसाच्या मैल्यात आणि साबणाच्या पाण्यात फॉस्फरस असतो. पिकाला जसे खत, तसा पाण्यातल्या शेवाळाला हा फॉस्फरस. एक किलो फॉस्फरसवर पाचशे किलोंपर्यंत ओले शेवाळ वाढू शकते म्हणे. शेवाळ वाढते, मरते, तळाशी जाते आणि कुजते. कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. मग मासे तडफडतात. याहून वाईट म्हणजे, तळाशी प्राणवायू संपला की गाळात वर्षानुवर्षे साठलेला फॉस्फरस पुन्हा पाण्यात सुटू लागतो. म्हणजे उद्या सगळी गटारे बंद केली तरी तलाव जुन्या शिदोरीवर बराच काळ आजारी राहू शकतो. सावकाराचे कर्ज फिटले तरी व्याज चालूच, असा हा मामला.

त्यांनी एक प्रयोगही सांगितला. १९७३ साली कॅनडात काही शास्त्रज्ञांनी एका लहान तलावाच्या मध्यभागी पडदा टाकून त्याचे दोन भाग केले. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन घातले. एका भागात त्याखेरीज फॉस्फरस घातला. तो एकच भाग शेवाळाने हिरवागार झाला, पडद्याच्या अलीकडचा तसाच राहिला. विमानातून काढलेला त्याचा फोटो जगभर गाजला. हे ऐकताना माझ्या मनात आले, आपल्याकडे पडदा टाकावाच लागला नाही. विहार आणि पवई यांच्यामध्ये डोंगराची एक सोंड तेवढी आहे.

त्या सोंडेपलीकडची बाजू पाहायची तर राष्ट्रीय उद्यानात जायला हवे. विहार आणि तुळशी यांच्या काठाशी सर्वांना मोकळी वाट नाही. पिण्याचे पाणी म्हणून तिथे पहारा असतो. पण उद्यानात जांभूळमाळ नावाचे सर्वांत उंच शिखर आहे, ४६८ मीटर उंचीचे. २०२४ च्या आश्विनात वनखात्याची परवानगी काढून, वाटाड्या बरोबर घेऊन आणि बारा विद्यार्थ्यांना घेऊन मी तिथे गेलो. वेळ मुद्दाम निवडली होती. ते कारवीचे वर्ष होते. कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते. या उद्यानात ती २०१६ मध्ये फुलली होती, नंतर २०२४ मध्ये. चढणीच्या दोन्ही बाजूंना जांभळ्या फुलांची दाटी, मधमाश्यांचा एकच गुंजारव, आणि खाली मुंबई नावाचे शहर आहे याचा मागमूस नाही. एका विद्यार्थिनीने हिशेब केला, पुढच्या वेळी ती तिशीची असेल. मी माझा हिशेब मोठ्याने केला नाही.

कारवीची शोभा सगळे पाहतात. तिचे काम थोडे पाहतात. उतारावर ती दाट रान करते आणि तिची मुळे पातळ माती घट्ट धरून ठेवतात. वर ऐन, धावडा, साग, कुंभा यांचा मांडव, मध्ये कारवी, खाली गवत आणि त्याखाली हातभर पाचोळा. जुलैतली एखादी सर दगडासारखी कोसळते. पण ती आधी पानांवर आपटते, मग फांद्यांवरून ओघळते, मग पाचोळ्यात मुरते. जमिनीपर्यंत पोचते तोवर तिचा राग निवलेला असतो. वाटेत एक ओहोळ लागला. पाऊस जाऊन चार-सहा दिवस झाले होते, तरी तो वाहत होता, आणि तळचा प्रत्येक खडा मोजावा इतका निवळ होता. मुलांनी ओंजळीने तोंडे धुतली. याच आठवड्यात पवईला एका नाल्याचे पाणी मी पाहिले होते, त्याला रंग होता. कोणता ते सांगत नाही, दिवाळीचे दिवस आहेत.

कान्हेरीची लेणी याच डोंगरात. मुंबईकर तिथे पुष्कळ जातो, पण मूर्ती पाहून परततो. पुढच्या वेळी गेलात तर लेण्यांच्या दारांशी खोदलेली पाण्याची टाकी पाहा. कातळावरून वाहणारे पावसाचे पाणी बारीक पन्हळींनी टाक्यांत आणलेले आहे. तिथल्या ब्राह्मी शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ असा शब्द आहे. कोणी व्यापाऱ्याने, कोणी उपासिकेने पोढी दान दिल्याच्या नोंदी आहेत. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी याच डोंगरावर शेकडो भिक्षू पावसाच्या साठवलेल्या पाण्यावर वर्षभर राहत होते. अर्थात ते वरच्या कातळावर काय सांडू द्यायचे नाही, हे जाणत असले पाहिजेत. खाली पोढीत तेच प्यायचे होते.

शिखरावर पोचलो तेव्हा ऊन चढले होते. तिन्ही तलाव दिसत होते. पायऱ्यांसारखे. महापालिकेच्या मोजणीत तुळशीची भरून वाहण्याची पातळी १३९ मीटर, विहारची ८०, पवईची ५९. तुळशी रानात दडलेला, निळा. विहार मोठा, त्याचे हात झाडीत शिरलेले. आणि पलीकडे, उंच इमारतींच्या पांढऱ्या दातांमध्ये, पवई. विद्यार्थी गप्प झाले होते. ही माझी मुले एरवी वर्गात कधी गप्प होत नाहीत.

माझ्यातला मास्तर जागा झाला आणि मी व्याख्यान सुरू केले: रान राखले म्हणून पाणी राहिले, वगैरे. आमचा वाटाड्या उद्यानातल्याच एका वारली पाड्यावरचा, चाळिशीचा माणूस. तो शांतपणे ऐकत होता. मी थांबल्यावर म्हणाला, “सर, तुम्ही शिकवता म्हणून विचारतो. हे पाणी चांगलं राहिलं ते आम्ही इथं होतो म्हणून, का आम्हाला इथून काढलं म्हणून?”

या प्रश्नाला मी तिथे उत्तर दिले नाही, आणि तो पाडसाच्या गतीने पुढे निघूनही गेला. पण प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. विहार बांधला तेव्हा त्या खोऱ्यातली शेते-घरे पाण्याखाली गेली. नंतर पाणलोट म्हणून, पुढे राष्ट्रीय उद्यान म्हणून, या जमिनीभोवती कुंपणे आली. १९९५ मध्ये एका पर्यावरणवादी संस्थेने अर्ज केला आणि मे १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने उद्यानातली अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. जे पात्र ठरले त्यांतल्या अनेकांना पुढे घरे मिळाली ती चांदिवलीला, जुन्या खाणींच्या जागेवर. म्हणजे पवईपासून हाकेच्या अंतरावर. जे अपात्र ठरले ते कुठे गेले याची चौकट वर्तमानपत्रात येत नाही.

मी हे लिहितो ते न्यायालयाचा आदेश चूक होता असे सुचवण्यासाठी नव्हे. तुळशीच्या काठावर वस्ती वाढली असती तर तुळशीचा पवई झाला असता, यात मला शंका नाही. पण नियम एकच असावा. एका पाणलोटातून कागद नसलेल्या माणसाला पोलिसांच्या बंदोबस्तात उठवायचे, आणि दुसऱ्या पाणलोटात कागद असलेल्या माणसाला ‘तलावदर्शनी’ म्हणून जास्त भावाने घर विकायचे, ही वाटणी पाण्याला कळत नाही. पवईच्या काठी सायकलींचा आणि पायी फिरण्याचा मार्ग बांधायला महापालिकेने सुरुवात केली, तेव्हा काही विद्यार्थी आणि संस्था न्यायालयात गेल्या, आणि मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला. त्या तलावात मगरी आहेत, हेही त्या निमित्ताने पुष्कळांना प्रथम कळले. काठाचा मार्ग निदान डोळ्यांना दिसला, म्हणून त्यावर भांडता आले. डोंगरावरून खाली येणारा नळ दिसत नाही.

कोणी व्यवहारी वाचक विचारील, विहार-तुळशी मिळून मुंबईला पाणी देतात किती? उत्तर लाजिरवाणे आहे. विहार रोज साधारण नऊ कोटी लिटर, तुळशी दोन कोटींच्या आत. शहराला लागणाऱ्या पाण्यात हा वाटा शंभरात तीनसुद्धा नाही. बाकीचे सगळे ठाणे, पालघर, नाशिककडच्या खोऱ्यांतून येते. मग एवढी चौकी-पहाऱ्याची जमीन कशाला अडवून ठेवायची? हा प्रश्न गेली अनेक वर्षे दबक्या आवाजात विचारला जातो आणि जमिनीचे भाव वाढतील तसा तो मोठ्याने विचारला जाईल. त्यावर माझे म्हणणे एवढेच, की तानसाचेही एक पाणलोट आहे आणि भातसाचेही. घराजवळच्या साडेसहा चौरस किलोमीटरांचे काय करायचे हे ज्यांना उमगत नाही, त्यांना शंभर किलोमीटरांवरचे उमगेल काय?

तुळशी भरला की जादा पाणी विहारकडे येते. विहार भरला की ते मिठीत उतरते, आणि पवईचे जादा पाणीही मिठीतच. एकीकडून कारवीच्या मुळांतून गाळलेले पाणी, दुसरीकडून परातीतले. तिथून मिठी विमानतळाला वळसा घालून माहीमच्या खाडीकडे जाते, आणि वाटेत तिचे जे होते ते मुंबईकराला २६ जुलै २००५ पासून चांगले ठाऊक आहे. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. उताराने आलेल्या पाण्याला मुरायला जमीन आणि वाहायला पात्र या दोन्ही गोष्टी आपण शिल्लक ठेवल्या नव्हत्या.

परत मेहुणीकडे येऊ. जांभूळमाळच्या सहलीनंतर भाऊबीजेला सगळे तिच्याकडे जमलो होतो. फराळ झाला, आणि रसायनाच्या प्राध्यापकबाईंनी सांगितलेली एक साधी परीक्षा मी साडूला सांगितली. शहरात दोन प्रकारची गटारे असतात: मैल्याची वेगळी आणि पावसाच्या पाण्याची वेगळी. पहिले शुद्धीकरणाला जाते, दुसरे थेट नाल्यात, आणि पवईला नाला म्हणजे तलाव. आता कार्तिकात पाऊस नाही. तेव्हा पावसाळी गटाराचे झाकण उघडावे. आत कोरडे असेल तर उत्तम. पाणी वाहत असेल तर ते पावसाचे नाही.

साडू हाडाचा इंजिनियर. त्याने चकली ताटात ठेवली, रखवालदाराला हाक मारली आणि सोसायटीच्या चिटणीसांनाही खाली बोलावून घेतले. मुले पणत्या टाकून भोवती गोळा झाली. लोखंडी झाकण दोघांनी पहारीने उचलले. आत पाणी वाहत होते. पांढरट, कोमट, त्यावर साबणाचा फेस आणि, दिवस सणाचा असल्यामुळे, उटण्याचा मंद वास.

मेहुणी काही बोलली नाही. चिटणीसांनी सांगितले, की ही जोडणी बांधकामाच्या वेळचीच असणार, ती शोधून मैल्याच्या गटाराला जोडायची तर अंगण फोडावे लागेल, खर्च मोठा आहे. विषय सभेपुढे घेऊ. जानेवारीत सभा झाली. साडूने आराखडा काढून नेला होता. विषय क्रमांक सहा. पाचव्या विषयावर, म्हणजे इमारतीला बाहेरून कोणता रंग द्यावा यावर, दीड तास गेला. सहावा पुढच्या सभेवर ढकलला आहे. पण त्या सभेला मेहुणी स्वतः जाणार आहे, आणि मजल्या-मजल्यावर जाऊन तिने आतापर्यंत एकतीस सह्या गोळा केल्या आहेत. चाळीस लागतात.